बिनपगारी खुर्ची

पगाराची नोकरी सोडणं सोपं असतं. दोन ओळींचा ईमेल, नोटीस पीरियड, शेवटच्या दिवशी केक, संपलं. बारा वर्षांत मी तीन वेळा हे केलंय आणि तिन्ही वेळा कंपनीचं काही म्हणता काही अडलं नाही. (एका ठिकाणी तर केक जरा जास्तच मोठा होता :) ) बिनपगारी पद सोडणं मात्र भलतंच अवघड. ते जवळून पाहिलं ते माझ्या मोठ्या आईमुळे.

आमच्या यवतमाळकडे वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी मोठी काकू समजावं. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात ती राहते. पाच एकर शेती; कापूस, तूर, सोयाबीन. शिक्षण सातवी. आणि २०१४ पासून २०२५ पर्यंत ती गावातल्या महिला ग्रामसंघाची अध्यक्ष होती.

बचत गट आपल्याला माहीत असतो, निदान पापड-लोणच्यांच्या स्टॉलमुळे तरी. दहा-बारा बायका, ठरलेल्या वारी बैठक, ठरलेली बचत आणि त्याच पैशातून एकमेकींना कर्ज. १९९२ साली नाबार्डने असे ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तिथून हे प्रकरण वाढत गेलं. २०११ मध्ये केंद्राचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. महाराष्ट्रात त्याचं नाव 'उमेद', आणि सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत ते जोरात राबवलं त्यांत यवतमाळ होता. आज देशभरात या अभियानाखाली ९० लाखांच्या वर गट आणि १० कोटी महिला आहेत. गावातले गट मिळून ग्रामसंघ, आणि ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. प्रत्येक पायरीवर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. सगळ्या निवडून आलेल्या. गावात फिरून काम करणाऱ्या सीआरपी ताईंना मानधन मिळतं. मोठ्या आईला मिळायचं ते तालुक्याला मीटिंगला गेलं तर एसटीचं भाडं.

माझ्या टीममध्ये अमेरिकेतली एक बाई आहे. तीही अशीच एका सोरॉरिटीच्या राष्ट्रीय मंडळावर आहे. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची भगिनी संघटना. कमला हॅरिस ज्या अल्फा कप्पा अल्फामध्ये होत्या ती १९०८ सालची, हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेली. आपल्याला वाटतं, कॉलेज संपलं की हा प्रकार संपला. तसं नसतं. शाखा विद्यार्थिनी चालवतात, पण वरचा कारभार नोकरी-संसार सांभाळून माजी विद्यार्थिनी बघतात. ही बाई शनिवार-रविवार बजेट आणि नियमावलीत घालवते, पगार शून्य. तिचं वैतागणं ऐकताना मला सारखं वाटायचं, हे मी आधी कुठेतरी ऐकलंय, फक्त वऱ्हाडीत.

दोघींची तक्रार एकच. "दुसरं कोणी पुढे येतच नाही."

मोठ्या आईच्या ग्रामसंघाच्या नियमावलीत पदाची मुदत तीन वर्षं लिहिलेली आहे. तिची झाली अकरा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मले का हौस आहे का, बाबू? इलेक्शन येते, सगळ्या बाया खाली मान घालून बसतात. मंग तूच राय म्हणतात."

हे खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं बँकेत होतं.

ग्रामसंघाचं खातं पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सहीने चालतं. मोठ्या आईच्या गावात १४ गट. गटामागे ६० हजार या हिशोबाने समुदाय गुंतवणूक निधी आला तो आठ लाख चाळीस हजार. हा पैसा गटांना कर्जाऊ द्यायचा, परत आला की पुढच्या गटाला द्यायचा, म्हणजे गावातच फिरत राहतो. अध्यक्ष बदलायचा म्हणजे सही बदलायची. त्यासाठी बैठकीचा ठराव, त्याची प्रत, नव्या बाईंचं आधार, पॅन, फोटो, केवायसी, आणि बँकेत तिन्ही बायका एकाच दिवशी हजर. एकीची मजुरी बुडते, एकीच्या घरी आजारपण, आणि सगळ्या आल्या तर साहेब रजेवर. मधल्या काळात खातं अडकून राहण्याची धास्ती. मग सोपा मार्ग काय, तर आहे तीच सही चालू द्या.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. ज्याच्याकडे रूट पासवर्ड, तो ॲडमिन. मग विकी पेजवर कोणाचंही नाव असो. ग्रामसंघात खुर्ची बदलते ती मतदानाने नाही, सही बदलते तेव्हा.

बरं, खातं अडकलं तर काय होतं? इथे यवतमाळचा प्रश्न येतो. बाकी महाराष्ट्राला आमचा जिल्हा एकाच कारणाने आठवतो. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज आलं, त्या सहांत आम्ही होतो. कर्ज, व्याज, माफी या सगळ्या गोष्टी सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाभोवती फिरतात. शेतात निंदण करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा सातबाऱ्यावर नसतंच, त्यामुळे बँकेच्या लेखी ती कर्जदार नसते. गटाचं कर्ज हे पहिलं असं कर्ज, की जे तिच्या स्वतःच्या नावावर, जमीन गहाण न टाकता मिळतं. जूनमध्ये बियाणं, जुलैत खत आणि निंदणाची मजुरी. त्याच दोन महिन्यांत सही अडली तर ती बाई थांबून राहत नाही. ती सावकाराकडे जाते, नाहीतर दारावर येणाऱ्या खासगी फायनान्सवाल्याकडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान यवतमाळला आले होते. राज्यातल्या साडेपाच लाख गटांना ८२५ कोटींचा फिरता निधी त्या कार्यक्रमात दिला गेला. मोठी आई गावातल्या बायकांबरोबर बसने जाऊन आली. मी इंजिनिअरी सवयीने भागाकार केला, गटामागे पंधरा हजार. मोठा आकडा मंडपात, आणि तो खरा होतो तो कुठल्यातरी गावात सातवी शिकलेल्या बाईने पंधरा हजारांचा हिशोब वहीत नीट लिहिला तर.

तर २०२५ मध्ये एक उमेदवार चक्क स्वतःहून पुढे आली. गावातलीच एक सून, तिशीची, बीए झालेली, मोबाईलवर सगळं चटचट करणारी. आणि नेमका तिथेच घोळ झाला. तिच्या नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. म्हणजे बायको कर्ज मंजूर करणार आणि तेच पैसे बियाण्या-खताला नवऱ्याच्या दुकानात जाणार! बायकांत कुजबुज सुरू झाली. मोठी आई तर पेटलीच. "अकरा वर्षं एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाई मी. आता देऊ का दुकानदाराच्या हाती?"

तिची भीती खोटी नव्हती. पण मला त्यात आणखी काहीतरी दिसत होतं, आणि एका रात्री अंगणात ते तिनेच बोलून दाखवलं. अध्यक्ष होण्याआधी गावात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. अमक्याची बायको, तमक्याची माय. पंचायत समितीत, बँकेत लोक तिला नावाने ओळखायला लागले ते या पदामुळे. "सही गेल्यावर मले कोन बोलावन रे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगारी माणूस राजीनामा देतो तेव्हा त्याची ओळख सीव्हीत शाबूत राहते. बिनपगारी माणसाला मिळालेलं एकमेव मानधन म्हणजे ती ओळख. तेही परत करायचं, आणि वर लोकांनी म्हणायचं की खुर्चीला चिकटून बसली.

हे काही खेड्यातलंच दुखणं नाही. पायथन भाषेचा कर्ता खीदो फान रॉसम जवळजवळ तीस वर्षं तिचा तहहयात सर्वेसर्वा होता (ही पदवीही लोकांनी गमतीनेच दिलेली). जुलै २०१८ मध्ये एका वादानंतर वैतागून तो बाजूला झाला, आणि जाताना त्याने वारस नेमला नाही. कसं चालवायचं ते तुम्ही ठरवा म्हणाला. लोकांनी पाच जणांचं निवडून येणारं मंडळ केलं, भाषेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक, आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सभासद नकोत असा नियम. कृषी केंद्राचा प्रश्न त्यांनाही पडला होता म्हणायचा!

आणि आपल्याकडे तर याचा धडा फार जुना आहे. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ साली पुण्यात सुरू झाली, मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने. पहिल्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई, पुढच्या वर्षी भोपाळच्या बेगम. अशी दर अधिवेशनाला अध्यक्ष बदलत गेली. सरोजिनी नायडू झाल्या, पुढे हंसाबेन मेहता झाल्या. महाराणी असो की कवयित्री, मुदत संपली की उतरायचं. संस्था मात्र अजून चालू आहे.

मी मोठ्या आईला ॲप बनवून देतो म्हटलं. सगळ्यांना सगळा हिशोब फोनवर दिसेल, मग अध्यक्ष कोणी का असेना. तिने माझ्याकडे नुकत्याच पोहायला निघालेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "अर्ध्या बायाइले वाचता येत नाई. वही मोठ्यानं वाचावी लागते." शेवटी तोडगा त्यातूनच निघाला आणि तो बायकांनीच काढला. माझा त्यात काडीचाही वाटा नाही.

कापूस वेचणी उरकल्यावर, म्हणजे जूनच्या बऱ्याच आधी, त्यांनी बैठक घेतली आणि तीन ठराव केले. एक, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या एकाच वर्षी बदलायच्या नाहीत, म्हणजे खात्यावर एक जुनी सही कायम राहील. दोन, कर्जाची रक्कम थेट बाईच्या खात्यात जाईल, दुकानदाराला परस्पर देणं नाही. कुठून बियाणं घ्यायचं ते ती ठरवेल. तीन, दर बैठकीत रोकडवही पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायची, आणि ती अध्यक्षाने नाही, दर वेळी वेगळ्या गटाच्या बाईने.

मग सून निवडून आली. सही बदलायला बँकेत तीन चकरा झाल्या आणि तिन्ही वेळा मोठी आई बरोबर गेली. पहिल्याच बैठकीला नव्या अध्यक्षांचे यजमान दाराशी येऊन उभे राहिले, काही मदत लागली तर म्हणून. आतून कोणीतरी विचारलं, "भाऊ, तुमचा गट कोणता?" ते गेले. मोठी आई सांगत होती की सर्वांत मोठ्याने हसली ती त्यांची बायकोच.

जून-जुलै पार पडला. कर्जवाटप वेळेवर झालं. एका गटाची परतफेड थकली तेव्हा नव्या अध्यक्षांनी ते बैठकीत उघड वाचून दाखवलं. मोठ्या आईने कदाचित ते घरोघरी जाऊन गुपचूप मिटवलं असतं. कुठली पद्धत चांगली यावर गावात अजून दोन मतं आहेत. मोठी आई आता चटईवर इतरांसारखी बसते. पहिले काही महिने तिला फार जड गेलं, हे मी फोनवरच्या आवाजावरून सांगू शकतो. पण शेजारच्या गावात ग्रामसंघाचं पदाधिकारी बदलायचं असंच भिजत घोंगडं पडलं होतं, तिथल्या बायकांनी तिला बोलावलं. कागद कोणते लागतात, साहेबांना कुठल्या दिवशी गाठायचं, हे सांगायला. पदाशिवाय आलेलं हे पहिलं बोलावणं.

आपण शहरी मंडळी असल्या बिनपगारी पदांपासून लांब पळतो. सोसायटीची वार्षिक सभा असली की नेमका आपला रिलीज असतो. मग एकच काका दहा-दहा वर्षं सेक्रेटरी राहतात आणि आपण लिफ्टमध्ये त्यांच्या मनमानीबद्दल बोलतो. चेकवर सही कोणाची आहे आणि वही शेवटची कधी मोठ्याने वाचली, एवढं तरी पुढच्या सभेत विचारून बघा. मात्र काकांनी "मग तुम्हीच व्हा की" म्हटलं, तर खाली मान घालून बसू नका.