म्हैस कमी, तापी जास्त

मागच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात स्टेशनवरच्या चहावाल्यावर एक प्रहसन झालं होतं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना त्यातलं एक वाक्य नक्की आठवत असेल. प्रवासी चहाचा घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "मालक, या चहात म्हैस कमी आणि तापी जास्त!" हॉलमध्ये मोठा हशा पिकला. त्यानंतर कित्येक महिने कुणाच्या घरी चहा पातळ झाला की "तापीला पूर आला वाटतं" असं कोणीतरी म्हणायचंच.

ते प्रहसन मी लिहिलं होतं आणि तिरसट मालकाचं कामही मीच केलं होतं. आज त्याच वाक्याबद्दल लिहायचं आहे. पण त्यासाठी तुम्हाला आधी तुकईथडला न्यावं लागेल आणि मध्ये थोडा वेळ इथल्या टॉर्कीलाही.

तुकईथड हे माझं आजोळ. मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. गावात मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी अशा चारही भाषा कानावर पडतात, आणि एकाच वाक्यात दोन भाषा आल्या तरी कोणाला काही वाटत नाही. अकोला ते खंडवा या मीटर गेज रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. लहानपणी आम्ही अकोल्याहून त्या गाडीने यायचो. अकोट, हिवरखेड गेलं की मेळघाटचं जंगल सुरू व्हायचं. धुळघाटाजवळ रूळ डोंगराला असा वळसा घालत की गाडी चढून वर आली की आपण मघाशी आलो तेच रूळ खाली दिसायचे. आम्ही मुलं खिडक्यांना लटकून ते बघायचो, आणि आई मागून सदरे धरून ठेवायची.

आणि मग तुकईथड. फलाटाबाहेर मामाचं हॉटेल.

इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो, आमच्याकडे 'हॉटेल' म्हणजे राहायच्या खोल्या नव्हेत. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं, एक भट्टी, चहा, पोहे आणि भजी. झालं हॉटेल. मामा तिथे सकाळी पाचपासून उभा असायचा. त्याचा स्वभाव तापट. गाडी थोडाच वेळ थांबायची, त्यामुळे तो आधी पैसे मागायचा आणि मग ग्लास हातात द्यायचा. कोणी "साखर कमी टाका" म्हणालं की, "घरी सांगा बायकोला, इथे एकच चहा आहे." शंभराची नोट काढणाऱ्याला तर चहाच मिळायचा नाही. आम्ही भाचे मंडळी बाकावर बसून हे सगळं बघायचो आणि रात्री अंगणात त्याची नक्कल करायचो. मामी पदर तोंडाला लावून हसायची. मामाही हसायचा.

त्यामुळे मंडळासाठी काही विनोदी लिहायचं ठरलं तेव्हा मला शोधावं लागलंच नाही. मामाची सगळी वाक्यं पाठ होती. फक्त शेवटाला मोठा हशा हवा होता, तो काही जमेना. म्हणून एक वाक्य मी पदरचं घातलं. तेच ते, म्हशीचं आणि तापीचं.

प्रयोगाचा व्हिडिओ मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. मामेभावाने तो पुढे पाठवला आणि दोन दिवसांत गावात पोचला. चार दिवसांनी आईचा फोन आला, "मामा ग्रुपमधून बाहेर पडलाय. तू काय केलंस?" मी मामाला फोन केला. त्याने उचलला नाही. दिवाळीला केला, तेव्हाही नाही. मामी म्हणाली, "कामात आहेत." मामाचं एवढं काम मला पहिल्यांदाच कळत होतं.

खरं सांगतो, तेव्हा मला मामाचाच राग आला होता. एवढं काय मनावर घ्यायचं? विनोदच तर होता!

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही टॉर्कीला गेलो. ब्रिस्टलहून मोटरवेने खाली उतरलं की दोन-अडीच तासांत समुद्र. आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन तिथे जाऊन आले असतील. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचा जन्म या गावातला, पण मला बघायची होती ती दुसरीच जागा. 'फॉल्टी टॉवर्स' ही बीबीसीची विनोदी मालिका माझी फार आवडती. अवघे १२ भाग, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली सर्वोत्तम १०० ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक हिचा होता. त्यातला बेसिल फॉल्टी हा पाहुण्यांवर खेकसणारा हॉटेलमालक ज्याच्यावरून सुचला, ते ग्लेनईगल्स नावाचं हॉटेल टॉर्कीच्या अ‍ॅशेल्डन रोडवर होतं.

झालं असं होतं. १९७० च्या मे महिन्यात 'मॉन्टी पायथन'ची मंडळी चित्रीकरणासाठी तिथे उतरली. मालक डोनाल्ड सिंक्लेअर. त्यांनी एका अमेरिकन पाहुण्याला काटा कसा धरावा यावरून सुनावलं. दुसऱ्याच्या बॅगेत घड्याळ टिकटिकत होतं, तर बॉम्ब असेल म्हणून ती बॅग बाहेर नेऊन ठेवली. बाकीचे वैतागून दुसऱ्या हॉटेलात गेले. जॉन क्लीज मात्र तिथेच राहिला आणि त्या माणसाकडे बघत बसला. पुढे त्याने कॉनी बूथबरोबर लिहिलेली मालिका जगभर गाजली.

मी अ‍ॅशेल्डन रोडवर पोचलो तर हॉटेल नाही. ते पाडून तिथे निवृत्त लोकांसाठी घरं बांधली आहेत. इमारतीला मालिकेत वेटर मॅन्युएलचं काम करणाऱ्या अँड्र्यू सॅक्सचं नाव दिलं आहे. मी फाटकासमोर उभा राहून फोनवर वाचत बसलो. सिंक्लेअर दुसऱ्या महायुद्धात नौदलात अधिकारी होते. १९८१ मध्ये ते वारले. त्यांची पत्नी बिएट्रिस अनेक वर्षं काही बोलली नाही. २००२ मध्ये ती बोलली. आपला नवरा सभ्य गृहस्थ होता आणि त्याला जगासमोर हास्यास्पद केलं गेलं, असं तिचं म्हणणं. २०१० मध्ये तीही गेली. ती म्हणत होती ते किती खरं आणि क्लीज सांगतो ते किती खरं, हे ठरवणारा मी कोण? पण एक गोष्ट लक्षात आली. क्लीजचं म्हणणं घराघरांत पोचलं होतं. तिचं म्हणणं मला फाटकाबाहेर उभं राहून शोधावं लागलं.

बायको गाडीत थांबली होती. तिला म्हटलं, "डिसेंबरमध्ये तुकईथडला जाऊन येतो."

मुंबईहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी बऱ्हाणपूरला उतरलो. ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती मुमताज १६३१ मध्ये याच गावात वारली. पण सकाळी स्टेशनबाहेर आलेल्या माणसाला बऱ्हाणपूर आठवतं ते मावा जिलेबीसाठी. काळपट, जाड, तुपाने जड झालेली. एक पाव जिलेबी तिथेच खाल्ली, एक किलो मामासाठी बांधून घेतली. मग खकनारच्या बाजूने गाडी. आधी केळीच्या बागा, मग कापूस, मग रस्ता वर चढायला लागतो आणि दोन्हीकडे साग. डिसेंबरात सागाची पानं मोठी, धुळकट, कडेने पिवळी पडलेली असतात. सातपुड्याचा हा वास मी डोळे मिटून ओळखेन.

गावात शिरताना आधी स्टेशनकडे गेलो. रुंदीकरणासाठी मीटर गेजच्या गाड्या बंद झाल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून मोठी लाईन न्यायची की जंगलाला वळसा घालून, यावर सरकारदरबारी वाद चालला. मामाच्या भट्टीची जागा मला सापडली. जमीन अजून काळी होती, बाकी काही नव्हतं.

मामाचं हॉटेल आता बस थांबते तिथे आहे. तेच पत्रे, तीच दोन बाकं. मामा भट्टीसमोर पाठमोरा उभा होता. मी वाकून नमस्कार केला.

"आलात का," एवढंच म्हणाला. मामा मला कधी अहो-जाहो करत नाही.

मी बाकावर बसलो. गिऱ्हाईक येत-जात होतं. तेवढ्यात मोटरसायकलवरून दोन पोरं आली. एकाने उतरता उतरता हाक मारली, "मामा, दोन कट. आज म्हैस की तापी?" दुसरा हसला. मामाने काही न बोलता दोन ग्लास भरले. त्याने त्या पोरांना शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. आधी पैसेही मागितले नाहीत त्याने.

पोरं गेल्यावर मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं. तुमची तशी नक्कल करायला नको होती."

मामाने पळी खाली ठेवली. "नक्कल कर ना. लहानपणापासून करतोस. मी आहेच तसा, तिरसट. सगळ्या लाईनला माहीत होतं." मग थोडा थांबून म्हणाला, "पण चहात पाणी? तू कधी प्यायलास माझ्या हातचा पाण्याचा चहा?"

नव्हतो प्यायलो. कधीच नाही.

"गाडी होती तेव्हा गोष्ट वेगळी होती," मामा म्हणाला. "रोज नवीन माणसं. एक नाराज झाला तर दुसरा डबा होता. आता गावातलीच चाळीस-पन्नास माणसं आहेत, रोज तीच. त्यांनी ठरवलं चहा पातळ आहे, तर मी कोणाला विकू?"

मी इंजिनिअर माणूस, पण हे साधं गणित माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुण्यात बीई करताना सुट्टीत मी मामासाठी चितळ्यांची बाकरवडी आणायचो. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. चितळे कोणाशी भांडल्याचं मी कधी ऐकलं नाही. उलट २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडं राहणार म्हटल्यावर ती बातमी झाली. ते उदाहरण मी मामासाठी मनात घोकून आलो होतो. बघा, एवढं मोठं दुकान, पण विनोद कसा पचवला! बाकावर बसल्या बसल्या ते उदाहरण माझ्यावरच उलटलं. लोक हसले ते दुकानाच्या वेळेला. बाकरवडी वाईट असते, असं कोणी म्हणालं नव्हतं. मामाच्या वेळेला, तोंडाला, शंभराच्या नोटेला मी हसलो तोवर त्याचंही काही बिघडलं नव्हतं. मी त्याच्या मालाला हात घातला होता, आणि तेही खोटं बोलून, एका हशासाठी.

"मग आता काय करू?" मी विचारलं.

"जिथे बोललास तिथे सांग," मामा म्हणाला. "इथे माझ्या कानात सांगून काय फायदा?"

मग त्याने चहा टाकला. मी मुद्दाम शेजारी उभा राहून बघितला. शेजारच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध, त्यात आलं, साखर आणि पत्ती, आणि पत्ती उकळण्यापुरतं पाणी. तेही आटून जाईपर्यंत चहा भट्टीवर. जिलेबीचा पुडा उघडून मामाने आधी माझ्यासमोर ठेवला, मग स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. "जिलेबी ताजी नाही," म्हणाला. ती सकाळचीच होती, पण मी वाद घातला नाही.

निघताना मामी म्हणाली, "त्यांनी तुझा तो व्हिडिओ पाच-सहा वेळा बघितलाय हं. म्हणतात, मी पैसे डाव्या हाताने घेत नाही, एवढं त्याला सांगा."

तर मंडळी, जिथे बोललो तिथे सांगतोय. तुकईथडला माझ्या मामाच्या हॉटेलात चहा दाट मिळतो. पाण्याचं वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. यंदाच्या गणेशोत्सवात तेच प्रहसन पुन्हा करा म्हणून समितीने विचारलं आहे. करणार आहे. मामाची परवानगी फोनवर घेतली, यावेळी त्याने तो उचलला. तापीचं वाक्य गाळलं आहे. त्या जागी काय घालावं हे अजून सुचलेलं नाही, त्यामुळे शेवटाला हशा थोडा कमी येईल. पैसे मात्र उजव्या हाताने घेईन.