पेट्रोल नेमके जाते कुठे?

जुन्या मोटारीविषयी तक्रार करणारा माणूस बहुधा दोन वाक्ये एका दमात बोलतो : सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, आणि पेट्रोल फार खाते. ऐकणारा ही दोन्ही दुखणी एकाच कारणाची आहेत असे गृहीत धरून 'कार्बोरेटर बदला' असा सल्ला देऊन मोकळा होतो. शासकीय कामकाजातही असेच घडते. पैसा अथवा धान्य ठरल्या ठिकाणी पोहोचले नाही की त्यास 'गळती' म्हणावयाचे आणि तो एक शब्द लिहून फाइल पुढे सरकवावयाची. वास्तविक भारतीय अन्न महामंडळ साठवणुकीतील घट आणि वाहतुकीतील घट यांचा हिशेब वेगवेगळा ठेवते, कारण दोहोंची कारणे वेगळी व जबाबदारीही वेगळी. मोटारीच्या बाबतीत हा साधा विवेक का सुचू नये?

माझ्याकडे १९८० सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती सोलापुरात घेतली. आता ती माझ्याबरोबर हैदराबादेत नांदते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्याची पाळी २०२५ च्या अखेरीस येणार होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या वसाहतीच्या समितीने मला लेखी सूचना दिली : तळघरातील वाहनतळात आपल्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो, पंधरा दिवसांत बंदोबस्त करावा, अन्यथा गाडी हलवावी. सूचना रास्त होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि तळघरात तिला बाहेर पडावयास वाट नसते. मी गाडी त्याच दिवशी ढकलून उघड्यावर आणली.

सहकाऱ्यांचे निदान तयार होते : हे सारे इथेनॉलचे प्रताप. २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्के मिश्रण गाठले आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. जुन्या गाड्यांच्या मालकांत तेव्हापासून दुसरा विषय नाही. परंतु हिशेब करून पाहावा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणाने ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी घटते. माझी गाडी पूर्वी लिटरला तेरा किलोमीटर जात असे. इथेनॉलमुळे ती बारावर यावी. माझ्या नोंदवहीप्रमाणे ती नऊवर आली होती. उरलेले तीन किलोमीटर कोणाच्या खाती घालावयाचे? शिवाय इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण या इंधनाने पातळ होते, दाट नव्हे. आमच्या प्लगांवर तर काळी काजळी होती. आरोपीच्या विरुद्ध साक्ष देणारा पुरावा हाती असताना त्यालाच दोषी ठरवणे मला पटेना.

गाडी ज्यांच्याकडे नेली ते उस्ताद सत्तरीचे आहेत. त्यांनी पाना हाती घेण्याआधी विचारले, "साब, सुबह को नहीं उठती, या गरम होने के बाद?" मी म्हटले, दोन्ही वेळी. "तो बीमारी दो हैं," ते म्हणाले आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली.

सकाळी त्यांनी स्टार्टरला हात लावला नाही. एअर फिल्टर काढला, कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून हाताने थ्रॉटल उघडला. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल असेल तर ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार दिसते. धार आली आणि गाडी तरीही सुरू झाली नाही, तर दोष ठिणगीकडे शोधावा. धार नाही, तर चेंबर रिकामा आहे. येथे धार आली नाही. मग त्यांनी सिरिंजने चेंबरच्या हवेच्या छिद्रातून थोडे पेट्रोल आत सोडले, आणि गाडी पहिल्याच फिरक्याला सुरू झाली. इग्निशन, बॅटरी, प्लग या सगळ्यांची निर्दोष मुक्तता दोन मिनिटांत झाली. इतकी स्वस्त आणि निर्णायक चौकशी मी सरकारी नोकरीत क्वचितच पाहिली आहे.

आता प्रश्न, रात्रीत चेंबर रिकामा कसा झाला. त्यांनी डिपस्टिक काढून मला हुंगावयास दिली. तेल पातळ झाले होते, पेट्रोलचा वास येत होता, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. कोणी न घालता वाढलेला साठा! गोदामातील गहू दमटपणा शोषून वजनाने वाढतो, आणि ती वाढ खरी तूट झाकून टाकते, हे धान्याच्या हिशेबात मुरलेल्यांना ठाऊक असते. येथे प्रकार अधिक गंभीर होता. पेट्रोल मिसळलेले तेल बेअरिंगांवर टिकत नाही; अशा स्थितीत महामार्गावर शंभर किलोमीटर जाणे म्हणजे इंजिन गमावणे.

पेट्रोल तेलात दोन वाटांनी शिरू शकते, आणि येथे दोन्ही उघड्या होत्या. इंजिनवर चालणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम तडकला होता. त्यातून ते थेट खाली उतरत होते. पंपाच्या झडपाही दाब धरीत नसल्याने नळीतले पेट्रोल मागच्या टाकीकडे परतत असे, त्यामुळे रिकामा चेंबर भरावयास स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागे. दुसरी वाट फ्लोटच्या सुईची. सुईच्या टोकावर झिजून एक कडे पडले होते, नखाला लागावे एवढे. फ्लोट वर येऊनही सुई बंद होत नसे. पातळी चढे, मिश्रण दाट होई, प्लग काळे पडत. गाडी बंद केली की नळीतला उरलेला दाब पेट्रोल वर ढकले आणि ते ओसंडून मॅनिफोल्डमध्ये व बाहेरही ठिबके. वास तो हाच. फ्लोट मात्र शाबूत होता. उस्तादांनी तो कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल खळखळले नाही.

गरम गाडी सुरू न होण्याचे कारणही यातच होते, पण सगळे नव्हे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारी जाड बेकेलाइटची चकती असावी लागते. पूर्वी कोणीतरी ती काढून साधे गास्केट बसवले होते. मे महिन्यात, इंजिन बंद केल्यावर बोनेटखालची उष्णता वर चढते, चेंबरमधले पेट्रोल उकळते आणि जेटमधून आत सांडते. अशा वेळी चोक ओढणे हा शुद्ध अविचार. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, न सोडता, स्टार्टर फिरवावा, म्हणजे हवा जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते.

पंप नवा बसवला, सुई व तिची बैठक बदलली, चकती घातली, इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या, तेल व फिल्टर बदलले. विजेवर चालणारा पंप बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. उस्तादांनी तो नाकारला, आणि मला ते योग्य वाटते : इंजिन थांबल्यावर आपोआप बंद होण्याची सोय नसेल, तर अपघातात तो पेट्रोल ओततच राहतो.

गाडी आता लिटरला साडेअकरा जाते. चार दिवस उभी राहिली तर चेंबर थोडा उतरतोच; ती बाष्पीभवनाची घट आहे, दोष नव्हे, आणि दहा सेकंद स्टार्टर फिरवला की भागते. समितीला मी बदललेल्या भागांची यादी जोडून उत्तर दिले. त्यांनी तीन रात्री गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवावयास सांगितले. कागद कोरडे निघाले, तेव्हा जागा परत मिळाली. नोंदणीचे नूतनीकरणही डिसेंबरात झाले. वीस वर्षांवरील मोटारींचे शुल्क त्याच ऑगस्टमध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले होते, ते मुकाट्याने भरले.