दोन बोटांची फट

नळाला पाणी नाही, टाकी भरत नाही, भिंतीला ओल आली, गीझरमधून धार बारीक येते. या चार तक्रारींवर माझं घर चालतं. पाणी नळातून उलटं आत गेलं, अशी तक्रार घेऊन मात्र कुणी येत नाही. कारण ते दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही आणि ज्याच्या नळातून जातं त्याला काही त्रासही होत नाही. त्रास होतो तो चार घरं सोडून राहणाऱ्याला, आणि तो डॉक्टरकडे जातो, प्लंबरकडे नाही.

मी लोणी काळभोरात प्लंबिंगची कामं करतो. इथे पाणी एका वाटेनं येत नाही. ग्रामपंचायतीची लाइन आहे, प्रत्येक सोसायटीत बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर आहे, आणि शेतावर घर असेल तर कालव्याचं नाहीतर विहिरीचं पाणीही दारात आलेलं असतं. नवा मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून पुण्याच्या पोटातून निघून आमच्याकडूनच पुढे दौंड-इंदापूरकडे जातो, आणि गावाच्या उत्तरेला मुळा-मुठा शहराचं जे काही असेल ते घेऊन वाहते. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्या, पण मागच्या अंगाला ऊस, भाजीपाला, फुलं आहेतच. म्हणजे पिण्याचं पाणी, जड पाणी, फवारणीचं औषध आणि गटार हे सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर. त्यांची गाठ घालून द्यायचं काम कुणी करत असेल तर ते आम्हीच, प्लंबर लोक. एक टी, एक व्हॉल्व्ह, थोडं सॉल्व्हंट. बायपास तयार.

चोवीस तास पाणी असतं तर या गोष्टीची एवढी धास्ती बाळगावी लागली नसती. पाइपात दाब असेपर्यंत पाणी बाहेरच ढकललं जातं; बारीक भोक असलं तरी त्यातून पाणी गळतं, घाण आत येत नाही. पण आपल्याकडे व्हॉल्व्हमन ठरलेल्या वेळी चावी बंद करतो. लाइनीतलं पाणी उताराच्या घरांकडे पळतं, त्याच्या मागे पोकळी होते, आणि ती पोकळी मिळेल तिथून काहीतरी ओढून घेते. नळ गेल्यावर चावी उघडी ठेवून तोटीला तळवा लावून बघा, कातडी आत खेचली जाते. दिवसातून एकदा पाणी येत असेल तर दिवसातून एकदा हा उलटा श्वास होतो, आणि तेव्हा तोटीला नळी जोडलेली असेल आणि नळीचं दुसरं टोक कशात तरी बुडालेलं असेल, तर जे बुडालंय ते वर चढतं.

लोकांना हे तोंडानं सांगून पटत नाही. म्हणून मी नीळ वापरतो, कपड्यांना घालायची. गच्चीवर डायरेक्ट लाइनचा नळ असला की त्याला नळी लावायची, टोक बादलीच्या तळाशी सोडायचं, बादलीत भरपूर नीळ कालवायची आणि नळ उघडाच ठेवायचा. मग खाली येऊन मीटरजवळचा मेन कॉक बंद करायचा. आता स्वयंपाकघरातला नळ सोडा. आधी स्वच्छ पाणी येतं, घरातली मंडळी माझ्याकडे ‘झालं का तुमचं?’ अशा नजरेनं बघतात. जरा वेळानं धारेत फिकट आकाशी झाक येते, मग चांगली निळी धार लागते. वर जाऊन पाहावं तर बादली अर्ध्याच्या खाली. वहिनी लगेच भांडं बाजूला घेतात. एकदा एका आजींनी विचारलं, ‘म्हणजे कूलर भरताना नळी आत टाकून ठेवतो तेव्हा?’ मी म्हटलं, ‘तेव्हा कूलरचं पाणी.’ त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला वेळच लावला नाही: ‘आणि संडासातला तो फवारा?’ त्या फवाऱ्याचं तोंड बाहेर हुकवर टांगलेलं असेल तर भीती नाही. भांड्यात लोंबकळत असेल, त्याचं बटण गळकं असेल आणि तो टाकीवर नसून डायरेक्ट लाइनवर असेल, तर उत्तर द्यायलाही नको वाटतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती शेतावरच्या दोनशे लिटरच्या ड्रमची. फवारणीच्या दिवशी ड्रम घराच्या ओट्याजवळ येतो, कारण तिथे नळ आहे. गडी आधी औषध ओततो, मग वरून पाणी सोडतो, म्हणजे आपोआप कालवलं जातं. नळी वर धरली तर शिंतोडे उडतात, म्हणून ती तळापर्यंत खोचून तो चहाला जातो. आमच्याकडच्या एका वस्तीवर असंच सुरू असताना पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाच्या घरात पहिल्या हंड्याला दुधाळ रंग आणि गोठ्यातल्या गोचीडनाशकासारखा वास. त्या बाईंनी हंडा ओतून दिला म्हणून निभावलं. मला बोलावलं होतं ते ‘पाइप कुजलाय का बघा’ म्हणून. पाइप ठणठणीत होता. मी लाइनीच्या चढानं वर चालत गेलो, तर ओट्याजवळ ड्रम, आणि नळी अजून त्यातच. मालक भला माणूस. त्याला खरोखरच वाटत होतं की नळातून पाणी फक्त बाहेर येऊ शकतं.

हे आपल्याच गावंढळपणाचं लक्षण आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी होली क्रॉस नावाचं कॉलेज आहे. १९६९ साली तिथल्या फुटबॉल संघातल्या ९७ जणांपैकी ९० जणांना काविळीच्या विषाणूची लागण झाली आणि दोन सामने खेळून संघाला उरलेला हंगाम सोडून द्यावा लागला. शोध घेतल्यावर निघालं ते असं: सरावाच्या मैदानाला पाणी मारायच्या तोट्या जमिनीखालच्या खड्ड्यांत होत्या. शेजारच्या घरांतली, कावीळ असलेली मुलं तिथे खेळत. गावात आग लागली, बंबांनी लाइनीतून पाणी उपसलं, मैदानाच्या पाइपातला दाब उतरला आणि खड्ड्यातलं पाणी आत ओढलं गेलं. त्याच लाइनीवर खेळाडूंचा प्यायचा नळ. तिथे पाइप उलटा व्हायला आग लागावी लागली. इथे व्हॉल्व्हमनची ड्युटी संपली तरी पुरतं.

सोसायट्यांची तऱ्हा वेगळी. तिथे औषधाचा ड्रम नसतो, तिथे बायपास असतो. बोअरची लाइन आणि गोड्या पाण्याची लाइन एकमेकींना जोडून मध्ये एक गेट व्हॉल्व्ह, ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून. अडचण पहिल्याच उन्हाळ्यात येते, व्हॉल्व्ह उघडला जातो, पुढे कुणीतरी तो फिरवून बंद करतो आणि सगळ्यांना वाटतं, बंद झाला. आत गेटखाली खडा नाहीतर क्षाराचा थर अडकलेला असतो. अशा एका ठिकाणी लोकांची तक्रार होती की रात्री चहा फाटतो. मी टीडीएसचं पेन घेऊन गेलो. ते काही जंतू दाखवत नाही, पण धरणाचं पाणी कुठलं आणि बोअरचं कुठलं हे झटकन सांगतं. सकाळी नळाच्या वेळेत दीडशेच्या आसपास आकडा. बोअरची मोटार चालू केल्यावर त्याच नळाला आकडा चढत चढत नऊशेच्या वर गेला. व्हॉल्व्ह तर घट्ट बंद. सेक्रेटरी साहेबांनी मग विचारलं ते सगळेच विचारतात: ‘एनआरव्ही टाकून देऊ का? विषय संपेल.’

नाही संपत. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे आत एक झडप, ती पाण्याच्या उलट्या दाबानं बसते. नवी असते तोवर बसते. मग तिच्यात सफेद्याचा कण, सुतळीचा धागा, टेफ्लॉनची चिंधी असं काहीबाही जातं, बहुतेक वेळा आमच्याच हातचं. झडप अर्धी उघडी राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. या बाबतीत मला शहाणपण आलं ते आमच्याच शेजारच्या तेल डेपोत पाइपफिटर म्हणून राबलेल्या एका काकांकडून. तिथे दोन लाइनी वेगळ्या ठेवायच्या असतील आणि माणूस आत कामाला उतरणार असेल तर नुसत्या व्हॉल्व्हवर कुणी विसंबत नाही. फ्लँज खोलून मध्ये पोलादाची चकती घालतात, तिला ब्लाइंड म्हणतात, किंवा पाइपाचा एक तुकडाच काढून बाजूला ठेवतात. काका म्हणायचे, ‘व्हॉल्व्ह चालू-बंद करायला असतो रे, तोडायला नसतो.’ डिझेलसाठी आपण एवढे दक्ष, आणि प्यायच्या पाण्याला एक गेट व्हॉल्व्ह.

म्हणून मी बायपास कापतो. तुकडा काढला की दोन्ही तोंडांना एंड कॅप. अगदीच दोन्ही पाणी एका टाकीत हवं असेल तर दोन्ही लाइनी टाकीच्या वर आणायच्या आणि पाणी वरून पडू द्यायचं. तोटीचं तोंड आणि टाकीतलं पाणी जास्तीत जास्त वर येईल ती पातळी, यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवायची: पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कितीही बारीक पाइप असला तरी इंचाहून कमी नाही. हाताच्या मापानं दोन बोटं. पाणी खाली पडू शकतं, ही फट ओलांडून वर चढू शकत नाही. हिच्यात गंजायला काही नाही, अडकायला काही नाही. नॅशनल बिल्डिंग कोडच्या नवव्या भागातही पिण्याच्या लाइनीला दुसरी लाइन थेट जोडू नका असंच आहे. ओव्हरफ्लोचा पाइप मात्र या फटीच्या खाली हवा, आणि तो तुंबलेला नको. नाहीतर बॉल कॉक बिघडला त्या दिवशी पाणी फटीत चढतं आणि सगळी करामत बुडते. अडचण एवढीच की फटीचं बिल करता येत नाही. एनआरव्ही डब्यातून काढून दाखवता येतो, त्यावर कंपनीचं नाव असतं. हवेचे पैसे कोण देणार?

मोटारीबद्दल बोललो की गावात भांडण होतं, तरी बोलतो. लाइनीला थेट मोटार लावून पाणी खेचायची सवय घरोघर आहे. शेजाऱ्याचं पाणी पळतं म्हणून लोक चिडतात, ते ठीकच; पण मोटार सुरू झाली की लाइनीत पाणी असतानाही ओढ तयार होते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. जुनी जीआयची कनेक्शनं कितीतरी ठिकाणी गटारातूनच नेलेली आहेत, कारण तेव्हा खोदाई वाचली. पाइपाला घाणीच्या पाण्यात पिन-होल पडलं की मोटार काय ओढत असेल ते सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि पाण्यावर संशय गेला. तेव्हा आमच्याकडेही महिनाभर सगळ्यांना पाइपांची आठवण आली. फिल्टरवाल्यांचा धंदा झाला. गटारातून कनेक्शन बाहेर काढून घ्या म्हणणारे फोन मोजकेच आले.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाशी मी दोस्ती ठेवून आहे. त्याच्याकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं असा नियम आहे. पण तो बहुतेक टाकीजवळच्या घरात तपासतो, मी त्याला लाइनीच्या शेवटच्या घरात नेतो. टाकीजवळ पिवळं आणि टोकाला पांढरंच, असं झालं तर मधे कुठेतरी काहीतरी क्लोरीन खातंय. कधी नुसता डेड एंड असतो, पाणी साचून राहिलेलं. कधी ती घाण असते. मग मी आणि तो घरोघर नळ्या बघत फिरतो, आणि लोकांना वाटतं आम्ही पाणीपट्टीच्या वसुलीला आलोय.

शेतावरच्या ड्रमांचं काय करायचं, यावर मी पुष्कळ डोकं लावलं. नळीच्या तोटीला लावायचा व्हॅक्यूम ब्रेकर मिळतो, दाब उतरला की तो बाजूनं हवा आत घेतो. पितळी चांगला घ्यायचा तर महाग, आमच्या दुकानांत ठेवत नाहीत, आणि गडी तो गळतोय म्हणून काढून फेकतो. नळी तळाशी सोडू नका, असं सांगून तर काहीच होत नाही. पाठ वळली की नळी आत. शेवटी मी नळीच काढली. ओट्याजवळ जीआयचा उभा पाइप, वर दोन एल्बो आणि खाली वाकलेलं तोंड, ड्रमच्या काठापासून वीतभर उंच. तोंडाला आटे ठेवत नाही, म्हणजे नळी बसवता येत नाही. त्या वस्तीवर पहिला हाच बसवला. आता आजूबाजूचे लोक तसाच मागतात, पाण्याच्या शुद्धतेसाठी वगैरे नाही. ड्रम खाली सरकवला की भरतो, नळी धरायला माणूस लागत नाही, आणि नळी चोरीलाही जात नाही.