टाकी फुल्ल करून बघू



आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. त्यामुळे या लेखात कुठे हिंदीचा वास आला तर सांभाळून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हाला भेटायला आला. त्याचे वडील आपल्या शाळेच्या बसवर एकोणीस वर्षे ड्रायव्हर होते. मुले त्यांना नुसते 'काका' म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणू. मुलाने यंदा हप्त्यांवर २०२१ सालचा एक जुना दहाचाकी ट्रक घेतला आहे. इंदूरला माल भरायचा, मानपूरचा घाट उतरून सेंधवा, धुळे, नाशिक करत न्हावा-शेवाच्या बंदरावर जायचे आणि मिळेल तो माल घेऊन परतायचे. महिन्याला अशा पाच खेपा, म्हणजे साधारण ६,००० किलोमीटर.

त्याच्या हातात ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका दुकानदाराने लिहून दिलेली यादी होती. डिझेलच्या नळीवर बसवायचे चुंबक, इंजिनच्या कॉम्प्युटरची 'चिप', केबिनच्या टपावर हवा कापणारा पत्रा आणि नवे रेडियल टायर. टायर सोडूनच बेरीज ५०,००० रुपयांच्या पुढे जात होती. "सर, दुकानदार म्हणतो सगळे बसवले तर ॲव्हरेज दीडपट होईल. हप्ता निघत नाही हो. काय काय बसवू?" आणि मग जरा संकोचून म्हणाला, "बाबा म्हणाले, सरांना विचार. त्यांनी एकदा चुंबक घेतले होते."

आम्हाला हसू आले आणि मान खालीही गेली. ती गोष्ट आधी सांगणे भाग आहे.

२००८ साली एक विक्रेता शाळेत आला होता. चुंबक लावले की डिझेलचे कण सुटे होतात, पूर्ण जळतात आणि २० टक्के बचत होते, असे त्याने सांगितले. आम्ही भौतिकीचे पदवीधर. डिझेल काही लोखंडाचा कीस नव्हे, हे आमच्या ध्यानात यायला हवे होते. शिवाय धड चालणाऱ्या इंजिनात गेलेले जवळपास सगळे डिझेल जळतेच. वाया जाते ती उष्णता, धुराड्यातून आणि रेडिएटरमधून. जे आधीच जळते आहे त्यातून आणखी २० टक्के कुठून यायचे? पण बचतीच्या आशेने आम्ही पालकांच्या पैशातून दोन्ही बसना चुंबके बसवली.

तीन महिन्यांनी लिपिकांनी रजिस्टर दाखवले. ॲव्हरेज जिथल्या तिथे. तेव्हा आम्ही चुंबकावर शंका घेतली नाही, माणसावर घेतली. काकांना कार्यालयात बोलावले आणि लिपिकांसमोर विचारले, "डिझेल जाते कुठे?"

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिशातली एक डायरी आणून टेबलावर ठेवली. सहा वर्षांत बसमध्ये जेव्हा जेव्हा डिझेल भरले, त्याची तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा त्यात होता. ते एवढेच म्हणाले, "सर, टाकी फुल्ल करून बघू. तुम्ही सोबत चला."

आम्ही गेलो. एकाच पंपावर, एकाच जागी बस उभी करून काठोकाठ टाकी भरली आणि मीटर टिपला. पंधरा दिवस नेहमीच्या रस्त्यावर बस चालली. पुन्हा तिथेच टाकी भरली आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागले. उत्तर ४.६. मग चुंबक काढून आणखी पंधरा दिवस. उत्तर पुन्हा ४.६. काकांच्या डायरीतली सरासरीही तीच.

म्हणून यंदा त्यांच्या मुलाला आम्ही म्हणालो, "अरे, बस. यादीतली एकेक गोष्ट बघू."

चुंबक पहिल्याच फटक्यात खोडले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी १०० हून अधिक उपकरणे तपासली. त्यातल्या मोजक्याच उपकरणांचा किंचित उपयोग दिसला. आपण तर ते फुकटातच शिकलो आहोत, फक्त फी काकांनी भरली.

चिपचे प्रकरण जास्त गंभीर. दुकानदार म्हणाला होता, की चिप बसवली की डीईएफ भरायचीही गरज नाही. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या सक्तीच्या झाल्या. या ट्रकांत धुरातला विषारी वायू मारण्यासाठी डीईएफचे पाणी फवारले जाते. ते बंद केले की खर्च थोडा वाचतो, पण तो धूर रस्त्याकडेच्या गावांच्या छातीत जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवले, तर हप्त्याचा ट्रक गळ्यात येईल. चिप खोडली.

टपावरचा पत्रा मात्र थोतांड नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आठवीच्या मुलांनी करून बघावे. वेग ४० वरून ८० झाला की विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. केबिनपेक्षा मागची बॉडी उंच असेल आणि ट्रक सपाट हायवेवर तासन् तास वेगाने पळत असेल, तर हवा वर वळवणारा पत्रा खरोखर डिझेल वाचवतो. पण याची बॉडी उघडी, माल कधी केबिनच्या वर तर कधी खाली, आणि वाटेत मानपूरचा आणि बिजासनचा घाट. घाटात वजन ओढावे लागते, तिथे पत्रा काय करणार? तेव्हा पत्रा यादीत ठेवला, पण शेवटी.

रेडियल टायर रस्त्यावर कमी घासतात, कमी तापतात, म्हणून डिझेलही कमी लागते. पण आत्ताचे टायर चांगले आहेत. ते झिजतील तेव्हा घे, असे सांगितले. तोवर दांडा आपटून हवा ओळखणे बंद. गाडी थंड असताना गेजने मोजायची.

मग यादीत नसलेल्या तीन गोष्टी लिहून दिल्या. ताडपत्री ताणून बांधायची, फडफडणारी ताडपत्री म्हणजे हवेला दिलेला लगाम. सपाटीला ८० ऐवजी ६० चा वेग, तेवढ्याने हवेचा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि माल भरायच्या रांगेत इंजिन बंद. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांचे इंजिन उभ्या उभ्या तासाला ३ लिटरच्या आसपास डिझेल पिते. आपले इंजिन लहान, तरी फुकट पिणार नाही.

"आणि दर वेळी टाकी फुल्ल करून लिहायचे. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केलेस तर कोणाचे श्रेय कोणाला, ते कळणार नाही."

परवा त्याचा फोन आला. ३.९ चे ॲव्हरेज आता ४.२ झाले आहे. आकडा लहान वाटतो, पण ६,००० किलोमीटरवर हिशोब केला तर महिन्याला सुमारे ११० लिटर होतात. ९० रुपयांचा भाव धरला तरी ९,९०० रुपये. अजून त्याने एकही वस्तू विकत घेतलेली नाही. पत्रा घ्यायचा की नाही, ते आणखी तीन महिन्यांची डायरी बघून ठरणार आहे. डायरी काका लिहितात.

पुढच्या महिन्यापासून आठवीची मुले आपल्या दोन्ही बसची अशीच वही ठेवतील.

आता एक राहिलेले काम. २००८ साली आम्ही काकांची माफी मागितली होती, पण ती दार लावून, एकट्यात. आरोप मात्र लिपिकांसमोर केला होता आणि तो शाळाभर झाला होता. फोनवर आम्ही काकांना विचारले, "हे पत्रिकेत लिहू का?" ते म्हणाले, "लिहा सर, पण आकडे बरोबर लिहा."

आकडे वर दिले आहेत. काका, आमची चूक झाली होती. सर्व पालकांसमोर आम्ही आपली क्षमा मागतो.