आठ तासांची परीक्षा

परीक्षा दोन तऱ्हेच्या असतात. एक सांगायची आणि एक करायची. उसाला किती पाळ्या पाणी द्यावे हे कागदावर लिहिणे ही पहिली. आणि थंडीच्या रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन दारे धरणे ही दुसरी. पहिलीत नापास झालेला माणूस दुसरीत अव्वल ठरतो, आणि पहिलीत अव्वल आलेला कधी कधी बांधावरून घसरून चारीत पडतो.

आम्ही कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेला टेबलावर बाटल्यांत किडी, कागदावर तणांचे बी आणि ताटलीत माती मांडून ठेवीत. घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचे. पुढे विस्तार खात्यात आलो, तर तेथेही तोच धडा. शेतकऱ्याला भाषण देऊन भागत नाही. बीजप्रक्रिया त्याच्या हाताने, त्याच्याच बियाण्यावर करवून घ्यावी लागते. म्हणून करायच्या परीक्षेविषयी मला पहिल्यापासून आदर आहे.

पण करायची परीक्षा किती कठीण असू शकते, हे मला घरात सून आल्यावर कळले.

आम्ही लासुर्ण्याचे. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव, पलीकडे जंक्शन आणि वालचंदनगर. मुलगा ऊस आणि थोडी डाळिंबे पाहतो. सून संगणकाची पदविका झालेली, पुण्याच्या एका कंपनीत नेटवर्कचे काम करणारी. करोनाच्या साथीत २०२० साली कंपनीने सर्वांना घरी बसून काम करायला सांगितले, तेव्हापासून ती लासुर्ण्यातूनच काम करते. बाहेरच्या खोलीत तिचे टेबल आहे. दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "मामा, मला एक परीक्षा द्यायची आहे. पण ती फार अवघड आहे, आणि घरातल्या सगळ्यांना तिचा त्रास होईल."

परीक्षेचे नाव सी.सी.आय.ई. नेटवर्कची यंत्रे बनवणारी सिस्को नावाची अमेरिकन कंपनी १९९३ सालापासून ती घेते. आधी दोन तासांची एक परीक्षा, ती पार पडली तर मग आठ तासांचे प्रात्यक्षिक. पास होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याचाच राहतो. पहिला क्रमांक १०२४ होता, आणि मौज अशी की तो कोणा माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच दिला. कंपनीबाहेरचा पहिला माणूस पास झाला तो टेरी स्लॅटरी. त्याचा क्रमांक १०२६.

आता नेटवर्क म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावणे मुळीच अवघड नाही. आपला नीरा डावा कालवा पाहा. धरणातून पाणी निघते, मुख्य कालव्याने पुरंदर, बारामती करीत इंदापुराकडे येते, फाट्यावर वळते, चारीत उतरते, पोटचारीने शेतात जाते. प्रत्येक फाट्यावर पाटकरी असतो. कोणाची पाळी, पाणी कोणीकडे सोडायचे, हे त्याला ठाऊक असते. इंटरनेटमध्ये पाण्याच्या जागी निरोप असतात आणि पाटकऱ्याच्या जागी राउटर नावाची पेटी. प्रत्येक निरोपावर पत्ता असतो. पेटी पत्ता वाचते आणि पुढची वाट दाखवते.

फरक एवढाच की पाणी उताराने एकाच वाटेने जाते. निरोपाला मात्र दहा वाटा असतात, आणि त्यांतली जवळची कोणती हे पेट्यांनी आपापसांत बोलून ठरवायचे असते. ही जवळची वाट काढण्याचे गणित डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने १९५६ साली, ॲमस्टरडॅमच्या एका कॉफीच्या दुकानात बसल्या बसल्या वीस मिनिटांत मांडले. आज जगभरच्या पेट्या तेच गणित रोज करतात. निरोप चुकून गोल गोल फिरत राहू नये म्हणून त्यावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक पेटी त्यातून एक वजा करते, आणि आकडा शून्यावर आला की निरोप टाकून देते.

हे सारे बिघडले म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप बंद पडले आणि सुमारे सहा तास बंदच राहिले. गावात प्रत्येकाला वाटले की आपलाच फोन बिघडला. खरे कारण असे की फेसबुक कंपनीच्या कामगारांनी दुरुस्तीच्या वेळी एक चुकीची आज्ञा दिली, आणि त्या कंपनीकडे जाण्याच्या वाटाच जगाच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. मुख्य दार पडावे आणि टेलपर्यंत सगळ्या चाऱ्या कोरड्या व्हाव्यात, तसे झाले. असा प्रसंग आला की कोठे हात घालायचा हे ज्याला कळते, तो माणूस तयार करण्यासाठी ही परीक्षा आहे.

प्रात्यक्षिकाचे स्वरूप असे. आपल्या देशात ते बंगळूरला होते. पहिले तीन तास आराखड्याचे. अमुक कंपनीला इतक्या कचेऱ्या आहेत, अशी गरज आहे, तर रचना कशी कराल? यात एकदा प्रश्न पुढे सरकला की मागे वळून उत्तर बदलता येत नाही. पुढचे पाच तास हातकामाचे. मांडलेले नेटवर्क चालू करायचे, सुधारायचे, त्यात मुद्दाम ठेवलेले बिघाड शोधायचे. बरोबर वही नाही, फोन नाही. कंपनीची माहितीपुस्तके तेवढी पडद्यावर पाहता येतात. पण पुस्तक पाहत बसणाऱ्याला वेळ पुरत नाही. शेताला पाणी सुटले असता पाटाचे पुस्तक कोण उघडतो?

तयारीला हजार तास लागतात असे या धंद्यातले लोक सांगतात. सुनेने ते तास काढले कसे, ते मी डोळ्यांनी पाहिले. नोकरी सकाळी दहा ते सात. म्हणून पहाटे साडेचार ते सात अभ्यास. पूर्वी या परीक्षेसाठी लोक जुनी यंत्रे विकत घेऊन घरात मांडीत. आता संगणकातच खोट्या पेट्या तयार करून त्यांचे जाळे जोडता येते. तरी तिने दोन जुनी यंत्रे पुण्याहून आणलीच. त्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. वीज गेली तर अभ्यास मोडू नये म्हणून मुलाने इन्व्हर्टरची बॅटरी मोठी केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूंवर तिने नकाशे काढले. खोलीची एक भिंत त्यांनीच भरली.

तिचा एक सहकारी दर शनिवारी तिला एक बिघडवलेले नेटवर्क पाठवीत असे आणि रविवारी ती त्यातला दोष शोधीत असे. मी एकदा जवळ बसून पाहिले. टोकाच्या यंत्राला निरोप पोचत नव्हता. तिने सुरुवातीपासून एकेक पेटी तपासली नाही. नेमकी मधली पेटी गाठली आणि तेथून हाक मारून पाहिली. हाक पोचली तर दोष अलीकडे, नाही पोचली तर पलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. मला हसू आले. टेलला पाणी आले नाही म्हणजे आपला जुना पाटकरी हेच करतो. तो सायकलवरून थेट मधल्या फाट्यावर जातो. तेथे पाणी असेल तर चोरी खाली, नसेल तर वर.

पण आठ तास बसण्याची सवय हा निराळा विषय होता. ती सासूला म्हणाली, "आत्या, मला रविवारचे आठ तास द्या." आमच्या घरच्यांना हे पटायला वेळ लागला. रविवार म्हणजे पाहुण्यांचा वार. सून दार लावून बसते, भाकरी सासू थापते, हे शेजारच्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही. एक-दोघींनी बोलूनही दाखवले. त्यावर आमच्या घरच्या एवढेच म्हणाल्या, "ती कामच करतेय. ते दिसत नाही, एवढंच." पुढे रविवारचा सकाळचा चहा मुलगा करू लागला आणि दुपारची भांडी माझ्याकडे आली.

गेल्या श्रावणात ती मुलाबरोबर बंगळूरला गेली. दोन दिवसांत निकाल आला. नापास.

फी सोळाशे डॉलर. कर, प्रवास, राहणे धरून दीड लाखाच्या घरात खर्च गेला होता. पैसे तिच्याच पगारातले; पण एकत्र घरात पैशाला एकट्याचे नाव नसते. दीड एकराला ठिबक करायचे त्या वर्षी राहिले होते, आणि पुन्हा बसायचे तर फी पुन्हा भरायची होती. त्यातच तिच्या कंपनीने सर्वांनी हळूहळू पुण्याच्या कचेरीत यावे असे कळवले. या परीक्षेचा क्रमांक हाती असला तर गावातून काम करू देणारी जागा मागता येईल, अशी तिची आशा. नाही तर ती पुण्याला आणि मुलगा उसात, अशी संसाराची दोन टोके होणार. म्हणजे परीक्षा एकटीची राहिली नव्हती.

आम्ही चौघे ओसरीवर बसलो. मी माझ्या धंद्याच्या रीतीने विचारले, "प्लॉट का गेला? बियाणे, पाणी, की वेळ?" तिने कागद पुढे ठेवला. निकालाबरोबर कोणत्या भागात किती टक्के मिळाले ते कळवतात. हातकामात ती चांगली होती. आराखड्यात मागे पडली होती. पहिल्या काही प्रश्नांतच वेळ गेला होता. म्हणजे जमीन वाईट नव्हती, लागणीची वेळ चुकली होती.

घरच्यांनी विचारले, "अन् दुसऱ्यांदाही नाही जमलं तर?"

सून म्हणाली, "तर तिसऱ्यांदा जाणार नाही, आत्या. पुण्याची खोली बघू. हे आजच ठरवू या."

मला हे उत्तर फार आवडले. हट्टाला कुंपण असले की तो निश्चय होतो. मुलगा म्हणाला, ठिबक आणखी एक हंगाम थांबेल. त्यानंतर तिने तयारीची रीत बदलली. आता ती आधी तीन तास कागदावर आराखडे सोडवते, समोर घड्याळ ठेवून, आणि झाले की पान उलटते. मागे पाहायचे नाही. मग पाच तास हातकाम. दिवाळीनंतर ती पुन्हा बंगळूरला जाणार आहे. निकाल काय लागेल ते आज मला सांगता येत नाही, आणि आमच्या घरात तो कोणी विचारीतही नाही.

ज्या घरांत मुले-मुली संगणकाकडे वळत आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली : या परीक्षेला पदवीची अट नाही. आय.टी.आय. किंवा पदविका झालेलाही बसू शकतो. पण पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा असे खुद्द कंपनीच सांगते. बारावी झाली की लगेच एवढी उडी मारू नये.

दुसरी : पहिली पायरी सी.सी.एन.ए. ही आहे. दोन तासांची परीक्षा, फी तीनशे डॉलर. तिच्याही आधी सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीचे प्राथमिक पाठ आणि 'पॅकेट ट्रेसर' हे सरावाचे साधन फुकट मिळते. त्यावर चार महिने मन रमले तरच पैसे घालावेत.

तिसरी : 'आलेले प्रश्न देतो, पासाची हमी' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते बोगस बियाणे आहे. पकडले तर प्रमाणपत्र जाते. न पकडले तरी पहिल्याच बिघाडासमोर मुलगा मुका उभा राहतो.

चौथी : हे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवे करावे लागते. म्हणजे अभ्यास संपत नाही. शेतीसारखाच तो दर हंगामाला नव्याने करावा लागतो.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगी किंवा सून पडद्यासमोर गप्प बसलेली दिसली तर ती रिकामी आहे असे समजू नका. बियाणेही मातीखाली आठ दिवस काही करीत नाही असेच वाटते. त्या आठ दिवसांत कोणी माती उकरून पाहिली, तर मात्र उगवण होत नाही.