कानामात्रेची निगा

एखादी गोष्ट तंतोतंत जुळली म्हणजे 'कानामात्रेचाहि फरक नाहीं' असें आपण म्हणतों. परंतु तीच कानामात्रा कागदावर बिनचूक उतरविण्यास किती सायास पडतात, याची प्रचीति आम्हांस हा अंक छापवितांना आली.

भोकरदन तालुक्यांतील केदारखेडा येथील एका विद्यार्थ्याचा शेतीवरील निबंध या अंकांत आहे. छापखान्यांतून आलेल्या कच्च्या प्रतींत त्यांतील 'शेतकऱ्यांचा' हा शब्द सर्वत्र 'शेतकर्यांचा' असा उमटला होता. 'ॲ' या अक्षराच्या जागीं तर रिकामी चौकटच होती. हा अंक त्याच्या आईवडिलांच्या हातीं जाणार. त्यांच्या व्यवसायाचें नांवच मोडकें छापावें, हें आम्हांस रुचेना.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रफारानें काय बिघडतें? दऱ्या डोंगरांत असतात, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यास बोलाविलें तर स्वयंपाक होईल, आचार्यास बोलाविलें तर प्रवचन!

शोध करितां कारण उमगलें. संगणकाच्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन बसविलेलीं असतात. उलटपक्षीं, युनिकोड या जागतिक व्यवस्थेंत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो. 'ॲ' यास तो २००८ सालीं मिळाला. युनिकोडमधील मजकूर जुन्या टंकांत उतरवितांना कांहीं अक्षरें वाटेंतच हरवतात. शिवाय केवळ क्रमांकानें भागत नाहीं; टंकांत अक्षराची आकृति व जोडणीचा नियमहि असावा लागतो. फ्रेंच व जर्मन भाषांतील डोक्यावर टोप्या व टिंबें धारण करणाऱ्या अक्षरांसहि हाच त्रास होत आला आहे.

अक्षरांची ही वाण जुनीच आहे. फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' हें मराठी काव्य १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें, तें रोमन लिपींत. पुढें बंगालमधील श्रीरामपूर येथें १८०५ सालीं विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण निघालें, तेव्हां त्यांतील मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनीं छापले गेले.

आम्हीं केलेला उपाय साधाच होता. 'दऱ्या, कुऱ्हाड, ॲप, ऑगस्ट' ही ओळ निरनिराळ्या युनिकोड टंकांत छापून पाहिली. ज्यांत ती शुद्ध उमटली तोच टंक घेतला. मग एकानें मूळ लेख मोठ्यानें वाचावा व दुसऱ्यानें छापील प्रत न्याहाळावी, असा क्रम ठेविला. दोन सायंकाळीं काम उरकलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमचें लिखाण असेंच दुसऱ्याकडून एकदां वाचवून घ्या. दुसऱ्याचें नांव व काम शुद्ध लिहिणें हा त्याचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.