पिंपळी, मिरें आणि रक्ताची साक्ष

चरकसंहितेंत पिंपळीस 'योगवाही', म्हणजे सोबतच्या द्रव्याचे गुण वाहून नेणारी, असें म्हटलें आहे. हें खरें कीं खोटें, याची साक्ष रक्ताकडे मागतां येते, म्हणूनच मला तें वचन आवडतें. पिंपळीच्या व मिऱ्याच्या तिखटपणाचें मूळ एकच: पायपेरिन. १९९८ सालीं बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं निरोगी माणसांस २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीचें पिवळें सत्त्व, दिलें. रक्तांत तें जवळजवळ आढळलेंच नाहीं. सोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन देतांच तें सुमारें २० पट अधिक मिळूं लागलें. यकृत व आंतडीं परक्या द्रव्यास बांधून बाहेर घालवितात. पायपेरिन त्या कामास आडवें येतें. अर्थात् रक्तांत पोहोंचणें म्हणजे रोग बरा करणें नव्हे.

शिवाय हा अडथळा हळदीपुरताच राहत नाहीं. हृदयविकारावर देतात त्या प्रोप्रानोलॉलचेंही रक्तांतील प्रमाण पायपेरिननें वाढतें, असें १९९१ सालीं दिसून आलें. कल्याणास आमच्या मातोश्री तीच गोळी घेतात, आणि रोज रात्रीं हळदीच्या दुधांत मिरपूडही. पिंपळी अति सेवूं नये, असें चरकसंहितेंतच बजाविलें आहे, हें मीं त्यांस सांगितलें.

"मग डॉक्टरांस विचार कीं," त्या म्हणाल्या. शनिवारीं आम्ही दोघें जाणार आहों.